नम्र, लीन की लाचार?

कोल्हापूरच्या एका वाचकांनी विचारलंय: चर्चमधल्या तरुणांच्या उपासनेसाठी 'नम्रतेने जगणे' असा विषय ठरला. पाळकांनी तो 'लीनतेने जगणे' असा करायला सांगितला. पोरांचं म्हणणं, "लीन म्हटलं की लाचार वाटतंय." यातलं बरोबर काय?

माझं मत पाळकांच्या बाजूनं. पोरांना जे खटकतंय तेही उगाच नाही, पण त्यांनी दोष भलत्याच शब्दाला दिलाय.

'नम्र' हा 'नम्' धातूचा, म्हणजे वाकण्याचा शब्द. त्याच घरातलं 'नमवणे' हे क्रियापद कोल्हापूरकरांना सांगायला नको. कुस्तीच्या बातमीत अमक्यानं तमक्याला नमवलं हे ठरलेलंच. म्हणजे वाकणं आपणहून होतं, तसं दुसराही आपल्याला वाकवू शकतो. 'लीन'चं तसं नाही. 'अमक्यानं तमक्याला लीन केलं' असं मराठीत कुणी म्हणत नाही. 'ली' म्हणजे चिकटणं, विरघळणं, तल्लीन त्यातलाच. 1949 साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात आलं, त्या 'विलीनीकरणा'तही तोच धातू आहे. (तिथं आपणहून किती आणि नाइलाजानं किती, हा वाद वेगळा.)

आता बायबल बघा. लूक 14:11 मध्ये जो स्वतःला उंच करतो तो 'नमवला जाईल' असं आहे. प्रसंग जेवणावळीचा. मानाची जागा धरून बसलेल्या पाहुण्याला यजमान उठवतो आणि शेवटच्या जागेवर धाडतो. मानपानावरून लग्नात रुसणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळं चित्र लगेच उभं राहतं. फिलिप्पैकरांस पत्रात मात्र ख्रिस्ताबद्दल 'त्याने स्वतःला लीन केले' (2:8) असं येतं. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच क्रियापद आहे, 'तापेइनोओ', म्हणजे खाली आणणे. मराठीत दोन शब्द आले, आणि माझ्या मते चांगलं झालं. पहिल्या ठिकाणी दुसरा कुणीतरी खाली आणतोय, तिथं नमवणंच हवं. दुसऱ्या ठिकाणी वर असलेला आपण होऊन खाली येतोय.

लाचार शब्द फारसीतून आला. 'चारा' म्हणजे उपाय. तो नाही तो लाचार. साहेबापुढं हात जोडून उभ्या कारकुनाला दुसरा इलाजच नसेल, तर त्याचं ते वाकणं नम्र दिसेल, पण त्याला लीनता म्हणता येणार नाही. पोरांना जी भीती वाटतेय ती खरं तर 'नम्र' या शब्दात जास्त लपते.

योहानाच्या 13 व्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. आपल्याकडं लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो. म्हणजे पाय कुणी कुणाचे धुवायचे, हे मानावरून आधीच ठरलेलं. इथं गुरूच खाली बसलाय. पेत्र "माझे पाय कधीही धुवायचे नाहीत" असं म्हणून अडून बसतो, ते त्यामुळंच. आणि हे करताना येशू आपण 'गुरू आणि प्रभू' असल्याचं नाकारत नाही, उलट तसं म्हणूनही दाखवतो. स्वतःला कमी लेखणं, 'मी कसला, काही नाही' असं म्हणत राहणं, याचा लीनतेशी संबंध नाही. तो बहुतेक वेळा कौतुक काढून घेण्याचा प्रकार असतो.

आता रस्त्यावरची गोष्ट. 1852 साली मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, तेव्हापासून ख्रिस्ती उपदेशाची मराठी या गावात आहे, पण 'लीन' काही पेठेत उतरला नाही. तिथं "एवढा पैसा हाय, पण माज नाय गड्याला" म्हटलं की काम भागतं. उपासनेत पोरांना समजावताना हे वाक्य खुशाल वापरा.

विषय 'लीनतेने जगणे' असाच ठेवा. पत्रिकेच्या तळाला मात्र 'आपले नम्र' हेच. तिथं 'आपले लीन' छापलंत तर पोरं हसणार.