लिनक्स मिंट टाकल्यावर वायफाय दिसतच नसेल तर काय करावे?

जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकलीत, बाकी सगळं चालतं, पण वायफायचा पर्यायच येत नाही. ड्रायव्हर (वायफायची चिप चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवायला इंटरनेट हवं आणि घरात लॅनची वायर नाही. एवढ्यावरून परत विंडोज टाकू नका, हा अडथळा बहुतेक वेळा तासाभरात सुटतो.

आधी इंटरनेटचं बघू. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंट त्याला वायरचं नेटवर्क समजतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटा जाणारी हवी. काही स्वस्त केबली फक्त चार्ज करतात.

आता टर्मिनल (आज्ञा टाईप करायची खिडकी) उघडून 'एलएसपीसीआय -एनएनके' ही आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत द्या. यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' शोधा. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसेल, तर चिप ओळखली गेलीय पण ती चालवणारं कोणी नाही. चौकोनी कंसातला आकडा १४ई४ ने सुरू होत असेल तर चिप ब्रॉडकॉमची. जुन्या लॅपटॉपांत ती बऱ्याचदा सापडते. मग मेनूतून 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, सुचवलेला ड्रायव्हर निवडा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा.

इथेच मी दोन संध्याकाळी अडकलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे मान्यता नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय, चालू असेल, तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो आणि काही सेकंदच थांबतो. लगेच कळ दाबून 'एनरोल मॉक' (ड्रायव्हरला मान्यता देणारा पर्याय) निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. पडदा निसटला, तर ड्रायव्हर जागेवर असूनही कर्नल (सिस्टीमचा गाभा) तो घेत नाही आणि वरवर कसलीही तक्रार दिसत नाही. मी उगाच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसलो होतो.

ड्रायव्हरची ओळ आधीपासूनच दिसत असेल, तर टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा देऊन वायफाय बंद केलेलं आहे का बघा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल, तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' पुरतं. 'हार्ड ब्लॉक्ड' असेल, तर लॅपटॉपच्या कडेचं बारीक बटण किंवा एफएन कळीसोबतची वायफायची कळ तपासा. तिथे आज्ञेचा उपयोग नाही.

तरीही अडलं, तर कंसातला तो पूर्ण आकडा इथे लिहा. मॉडेलच्या नावापेक्षा त्यावरून नेमका ड्रायव्हर सांगता येईल.