अंतराळयानांचा डेटा : वाचकांचे प्रश्न, अभ्यासकांची उत्तरे

प्रश्न : नासाच्या 'टेस' या ग्रहशोधक अंतराळ दुर्बिणीच्या डेटातून वास्प-१८ या ताऱ्याचा प्रकाशवक्र (वेळेनुसार बदलणाऱ्या प्रकाशाचा आलेख) काढला. अधिक्रमणाचे, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जातानाचे, खड्डे आधी स्वच्छ दिसत होते. लाइटकर्व्ह या पायथन पॅकेजमधली 'फ्लॅटन' ही आज्ञा दिली, तर ते उथळ झाले आणि दोन्ही काठांना उंचवटे आले. डेटा खराब आहे की माझं काही चुकतंय? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोथरूड)

उत्तर : डेटा उत्तम आहे. घोळ खिडकीच्या लांबीचा आहे. फ्लॅटन ठरावीक बिंदूंची खिडकी पुढे सरकवत त्यातून एक गुळगुळीत वक्र बसवतं आणि मूळ प्रकाशाला त्या वक्राने भागतं. तुम्ही आकडा दिला नाहीत तर खिडकी १०१ बिंदूंची धरली जाते. दर दोन मिनिटांच्या नोंदीत १०१ बिंदू म्हणजे सुमारे ३ तास २० मिनिटं. वास्प-१८ बी या ग्रहाचं अधिक्रमण दोन तासांहून थोडं जास्त चालतं. खिडकीचा बहुतेक भाग खड्ड्यानेच भरला, तर गुळगुळीत वक्रही खड्ड्यात उतरतो. मग भागाकारात खड्डा भरून निघतो आणि काठांवर खोटे उंचवटे उभे राहतात.

खिडकी अधिक्रमणाच्या निदान तिप्पट हवी. इथे ४०१ बिंदू घ्या, म्हणजे साधारण १३ तास २० मिनिटं. आकडा विषम असावा लागतो. आणि तो बिंदूंचा आहे, तासांचा नाही, हे पक्कं लक्षात ठेवा: २०० सेकंदांच्या नोंदींवर तेच ४०१ बिंदू २२ तासांचे होतात.

त्याहून चांगला मार्ग दोन फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत आवर्तकाल (दोन अधिक्रमणांमधला काळ) काढा, त्यावरून अधिक्रमणाच्या वेळांचा मास्क (वगळायच्या बिंदूंची यादी) तयार करा, आणि मूळ वक्रावर फ्लॅटन पुन्हा चालवताना तो मास्क द्या. वक्र बसवताना ते बिंदू वगळले जातात आणि खड्ड्याची खोली शाबूत राहते. ग्रहाची त्रिज्या काढायची असेल तर ही दुसरी फेरी टाळूच नका.

फ्लॅटनच्या आधीच्या पायऱ्यांवरही तितकंच लक्ष हवं. डेटाचा शोध घेताना ऑथर 'स्पॉक' (टेसचे अधिकृत वक्र तयार करणारं केंद्र) आणि एक्स्पोझर १२० सेकंद असं स्पष्ट लिहा. नाहीतर त्याच ताऱ्याचे वेगवेगळ्या पद्धतीने तयार केलेले वक्र एकत्र येतात आणि जोडल्यावर खोल्या जुळत नाहीत. फाइलमध्ये प्रकाशाचे दोन स्तंभ असतात. 'सॅप' म्हणजे अ‍ॅपर्चरमधल्या (ताऱ्याभोवती निवडलेल्या) पिक्सेलांची नुसती बेरीज, 'पीडीसीसॅप' म्हणजे यानाच्या हालचाली, तापमान वगैरेंचे परिणाम काढून टाकलेली. अधिक्रमणासाठी दुसरा घ्या, पण पहिलाही काढून शेजारी ठेवा. एखादा खड्डा फक्त दुरुस्त स्तंभात दिसत असेल, तर तो दुरुस्तीतून आला असण्याची शक्यता मोठी.

विक्षिप्त, म्हणजे बाकीच्यांपासून फार दूर पडलेले, बिंदू काढताना फक्त वरच्या बाजूचेच काढा. दोन्ही बाजूंना पाच सिग्माची (सिग्मा म्हणजे बिंदूंच्या विखुरण्याचं माप) कात्री लावली, तर महिन्यात दोनदाच अधिक्रमण होणाऱ्या ग्रहाचा तळच कापला जातो. अनेकांचे 'न सापडलेले' ग्रह इथेच हरवतात.

टेस एका सेक्टरकडे, म्हणजे आकाशाच्या एका पट्ट्याकडे, सुमारे २७ दिवस पाहते, म्हणजे १३.७ दिवसांच्या दोन कक्षा. मध्ये डेटा पृथ्वीवर पाठवताना खंड पडतो. त्या खंडाच्या काठांवर आणि पृथ्वी-चंद्राचा विखुरलेला प्रकाश कॅमेऱ्यात शिरतो त्या दिवसांत वक्र वाकतो. तिथे एकच खड्डा दिसला तर त्यावर भरवसा ठेवू नका.

शेवटी ठरावीक काळाने येणारे चौकोनी खड्डे शोधणाऱ्या 'बॉक्स लीस्ट स्क्वेअर्स' पद्धतीने आवर्तकाल शोधा. अधिक्रमणाच्या कालावधीसाठी ०.०५ ते ०.२ दिवस असे तीन-चार पर्याय स्वतः द्या. कालावधी शोधातल्या सर्वांत लहान आवर्तकालापेक्षा मोठा झाला, तर प्रोग्राम एरर देऊन थांबतो. उत्तर ०.९४ दिवस यायला हवं. १.८८ आलं तर दुप्पट आवर्तकाल पकडला गेला आहे.

प्रश्न : दुसऱ्याच एका ताऱ्यात ०.५ टक्के खोलीचा नियमित खड्डा सापडला. ग्रह म्हणता येईल का? (वाचक, चिंचवड)

उत्तर : एवढ्यावरून नाही. टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) असतो, त्यामुळे तुमच्या ताऱ्याच्या अ‍ॅपर्चरमध्ये शेजाऱ्यांचा प्रकाशही येतो. समजा पाच प्रतींनी (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) मंद असा एखादा शेजारी, म्हणजे तुमच्या ताऱ्याच्या एक टक्का प्रकाशाचा, हा मुळात एकमेकांना झाकणाऱ्या ताऱ्यांची जोडी आहे आणि ग्रहणात तो अर्ध्याने मंदावतो. एकूण प्रकाशात ०.५ टक्क्याचाच खड्डा पडेल, आणि तो ग्रहासारखाच दिसेल.

सम आणि विषम क्रमांकाचे खड्डे वेगवेगळे घडी घालून (आवर्तकालानुसार एकावर एक ठेवून) त्यांची खोली ताडून पाहा. फरक असेल तर ते जोडतारे, आणि खरा आवर्तकाल दुप्पट. कला ०.५ जवळ, म्हणजे दोन खड्ड्यांच्या मधोमध, दुसरा लहान खड्डा दिसतो का तेही पाहा, मात्र तापलेल्या गुरूसारख्या ग्रहातही असा अतिशय उथळ खड्डा पडतो. मग पिक्सेल फाइल उघडा: खड्ड्याच्या वेळी प्रकाशाचं केंद्र सरकत असेल, तर गुन्हेगार शेजारी आहे.

ताऱ्याची त्रिज्याही बघा, ती लोक हमखास विसरतात. खोली म्हणजे ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग. एक टक्का खोली म्हणजे गुणोत्तर ०.१. तारा सूर्याएवढा असेल तर साधारण गुरूएवढा ग्रह निघतो. तारा सूर्याच्या दहापट असेल तर झाकणारी वस्तूच सूर्याएवढी निघते, आणि तो ग्रह नसतो. तुलनेसाठी, सूर्यासमोरून जाणारी पृथ्वी दशलक्षात फक्त ८४ भाग प्रकाश अडवते.

फाइलच्या हेडरमधला (सुरुवातीच्या माहितीतला) 'क्राउडसॅप' हा आकडा अ‍ॅपर्चरमधल्या प्रकाशात तुमच्या ताऱ्याचा वाटा सांगतो. पीडीसीसॅपमध्ये त्याची दुरुस्ती आधीच केलेली असते. ती पुन्हा केलीत तर खोली खोटी वाढेल.

प्रश्न : असं अधिक्रमण पुण्यातून आमच्या आठ इंची दुर्बिणीने टिपता येईल का? (हौशी गट, सिंहगड रस्ता)

उत्तर : येईल, पण वास्प-१८ नको. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) सुमारे उणे ४६ अंश, म्हणजे पुण्याहून तो क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर येतो. शृगाल तारकासमूहातला एचडी १८९७३३ निवडा. प्रत ७.७, खोली सुमारे २.४ टक्के, आवर्तकाल २.२२ दिवस. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, रात्री आठच्या सुमारास तो जवळपास डोक्यावर असतो. तारा तेजस्वी असल्याने फोकस जरा बिघडवून ठेवा, म्हणजे पिक्सेल भरून वाहणार नाहीत. अधिक्रमणाच्या आधी-नंतर किमान तासभर नोंदी घ्या. तो पायाच नसेल तर खोली कशाच्या तुलनेत मोजणार? टेसच्या वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वकेंद्रावरच्या असतात. तुमच्या घड्याळाशी जुळवताना आठ मिनिटांपर्यंत फरक पडू शकतो, तो गणितात धराच.

प्रश्न : चांद्रयान-२ च्या ओएचआरसी या बारीक तपशील टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रावरून चंद्रावरच्या खडकाची उंची काढली. दोन चित्रांतून दोन वेगळी उत्तरं आली. (भूगोलाचे शिक्षक, हडपसर)

उत्तर : आधी बघा की तुम्ही कोणत्या चित्रावर मोजलंत. इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवरून (नोंदणी विनामूल्य आहे) उतरवलेल्या झिपमध्ये मूळ चित्रासोबत झटपट पाहण्यासाठी लहान केलेलं चित्रही असतं. त्या लहान चित्रावर मोजलेले पिक्सेल मूळ चित्रातल्यासारखे सुमारे ०.२५ मीटरचे नसतात. मूळ चित्र १२,००० पिक्सेल रुंद आणि कितीतरी पट लांब असतं, साधा फोटो-प्रोग्राम ते पेलत नाही. क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये एक्सएमएल लेबल (चित्राची माहिती देणारी फाइल) उघडा आणि प्रत्यक्ष पिक्सेलमापही लेबलातूनच घ्या, कारण यानाची उंची बदलते तसं तेही बदलतं.

उंची म्हणजे सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या क्षितिजापासूनच्या कोनाची टॅन्जंट. लेबलात आपतन कोन (सूर्यकिरण आणि उभी रेषा यांच्यातला कोन) दिला असेल तर तो ९० मधून वजा करा. दक्षिण ध्रुवाजवळ सूर्य ६ अंशांवर असेल, तर ४० मीटर सावलीचा खडक ४.२ मीटर उंच. आता तीच जमीन सूर्यापासून दूर जाताना ३ अंशांनी उतरती असली, तर खरी उंची २.१ मीटर. फक्त तीन अंशांच्या उताराने उत्तर निम्मं झालं! तुमच्या दोन चित्रांत सूर्य दोन दिशांना असणार, म्हणून सावल्या वेगळ्या उतारांवर पडल्या आणि उत्तरंही वेगळी आली.

सूर्य १५-२० अंशांवर असतानाचं चित्र मिळालं तर ते घ्या, चूक बरीच कमी होते. नाहीच मिळालं तर विरुद्ध दिशांनी प्रकाश पडलेली दोन चित्रं घ्या. उताराचा कोन आणि उंची ही दोन अज्ञातं, दोन सावल्यांची दोन समीकरणं. उतार खडकाच्या दोन्ही बाजूंना सारखाच असेल तर ती सुटतात. सावलीचं टोक खळग्यात किंवा दुसऱ्या खडकावर पडत असेल तर तो खडक सोडून शेजारचा निवडा.