वाचकांचे प्रश्न : बसच्या टाकीत बायोडिझेल

प्रश्न : वाई-पाचगणी मार्गावर माझ्या दोन शालेय बस आहेत, दोन्ही बीएस-४. डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचे आहे. काय काळजी घ्यावी?
– वाई, जि. सातारा

उत्तर : आधी गाडीचे मॅन्युअल पाहा. कंपनीची परवानगी ५ किंवा ७ टक्क्यांचीच असेल, तर त्यापुढे जाऊ नका. इंजेक्टर गेला तर वॉरंटी मिळणार नाही. २० टक्के चालत असेल तर पहिला त्रास डिझेल फिल्टरचा. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ बायोडिझेल सोडवते आणि तो सगळा फिल्टरमध्ये येतो. पसरणी घाटाच्या चढाला गाडी मागे ओढू लागली, तर पंप खोलण्याआधी फिल्टर बघा. पहिल्या दोन टाक्या संपल्या की तो बदलाच, आणि तोवर एक नवा फिल्टर गाडीत असू द्या. जुने रबरी पाइप फुगून पाझरतात. त्यांच्या जागी व्हिटॉनचे (इंधनात न फुगणाऱ्या खास रबराचे) बसवा. वॉटर सेपरेटरमधले पाणी आठवड्याला काढा.

मिसळताना ४० लिटर डिझेल आधी, त्यावर १० लिटर बायोडिझेल. ते डिझेलपेक्षा जड असते. आधी ओतले तर तळाशीच बसून राहते.

तुमच्या मार्गावर खरा प्रश्न थंडीचा आहे. आपल्याकडे बायोडिझेल ज्यापासून करतात ते तळणीचे वापरलेले तेल बहुतेक पामचे असते, आणि त्याचे शुद्ध बायोडिझेल १५ अंशांच्या आसपासच गढूळ होऊ लागते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठते त्या दिवसांत रात्री पाचगणीत उभी राहणारी बस सकाळी सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडू शकते. डिसेंबर ते फेब्रुवारी प्रमाण ५ टक्क्यांवर आणा किंवा साधे डिझेल भरा. बायोडिझेलचे पिंप वाईतच, घरात ठेवा. गढूळ झालेले बायोडिझेल तसेच टाकीत ओतू नका, ते नीट मिसळत नाही. आणि पिंपाखाली जाळ तर मुळीच नको. मे महिन्याच्या सुट्टीआधी ही टाकी वापरून संपवा, मग साध्या डिझेलने काठोकाठ भरून बस उभी करा. अर्धी टाकी म्हणजे आत पाणी धरणार, आणि पाण्यात शेवाळासारखा चिकट थर वाढणार.

प्रश्न : माझा ट्रक बीएस-६ आहे. मलाही २० टक्के चालेल का?
– मिरज, जि. सांगली

उत्तर : कंपनीने लेखी सांगितल्याशिवाय नको. धुराच्या गाळणीतली काजळी जाळण्यासाठी बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये जादा इंधन सोडले जाते. बायोडिझेल डिझेलइतके सहज उडून जात नाही, ते पिस्टनच्या कडेने उतरून ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले तर खूश होऊ नका, ते पातळ झाले आहे.

प्रश्न : आमचे फरसाणचे तळण आहे. उरलेले तेल गाळून थेट टेम्पोत घातले तर?
– सांगली

उत्तर : नाही. कच्चे तेल डिझेलच्या जवळपास दहापट घट्ट असते; इंजेक्टरच्या टोकाला कोळसा धरतो, रिंगा चिकटतात. मेथॅनॉल आणि कॉस्टिकची प्रक्रिया होऊन ग्लिसरीन वेगळे झाले, की मगच ते बायोडिझेल. ही प्रक्रिया घरी करू नये, मेथॅनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेलेले तेल तसेही पुन्हा तळणीला चालत नाही. ते अधिकृत संकलकाला द्या आणि पावती ठेवा.

प्रश्न : विकत घेतलेला माल चांगला आहे हे कसे ओळखावे? धूर खरेच कमी होतो का?
– कराड, जि. सातारा

उत्तर : रंगावर जाऊ नका. आयएस १५६०७ या बायोडिझेलच्या भारतीय मानकानुसार तपासणीचा अहवाल त्या बॅचचाच मागा. शिवाय बाटलीत अर्धे शुद्ध बायोडिझेल, अर्धे पाणी घालून जोरात हलवा. अर्ध्या तासात दोन स्वच्छ थर व्हायला हवेत. मध्ये ताकासारखा पांढरा थर राहिला तर साबण किंवा अर्धवट प्रक्रिया झालेले तेल आहे, परत करा. स्वस्त मिळते म्हणून बिलाविना घेणाऱ्यांचेच पंप जास्त जातात.

धुराबाबत, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये अवजड इंजिनांच्या चाचण्यांचा आढावा घेतला. २० टक्के मिश्रणाने धुरातले कण सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के घटला. नायट्रोजन ऑक्साइड मात्र २ टक्के वाढला. अॅव्हरेज एक-दोन टक्के घटेल, म्हणजे लिटरला ४ किलोमीटर देणारा ट्रक ३.९ च्या आसपास देईल.