कला-प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या बेळगावच्या विद्यार्थ्यास

अर्ज करण्यापूर्वी आपण बेळगाव, खानापूर किंवा निपाणी येथील एखाद्या नाट्यमंडळात अथवा संगीतसभेत वर्षभर काम करावे, असे मी आग्रहाने सुचवीन. मात्र ते रंगमंचावर नव्हे, हिशेबाच्या वहीपाशी. सभागृहाचे आरक्षण, ध्वनिक्षेपकाचा परवाना, कलावंतांचे मानधन, देणगीच्या पावत्या आणि वर्षअखेरीचा ताळेबंद हाच या विषयाचा गाभा आहे, आणि प्रवेशासाठीच्या निवेदनात कलेवरील प्रेमापेक्षा या कामाचा तपशील अधिक वजनदार ठरतो.

सीमाभागात राहण्याचा येथे लाभच आहे. इकडील संस्था कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियम, १९६० खाली नोंदल्या जातात, तर कोल्हापूर-सांगलीकडील संस्थांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो. दोन्हींच्या कारभाराची तुलना हा प्रबंधासाठी उत्तम विषय होईल. त्यासाठी कन्नड वाचता-लिहिता यायलाच हवी. (बोलता येते, एवढ्यावर थांबू नये.)

लंडनचे गोल्डस्मिथ्स किंवा न्यूयॉर्कचे टीचर्स कॉलेज (कोलंबिया विद्यापीठ) येथे हा विषय शिकवला जातो. परंतु अमेरिकेतील अभ्यासक्रम तेथील विश्वस्त मंडळे व करसवलतींभोवती रचलेले असतात. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी अधिनियमातील सातव्या अनुसूचीत, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक दायित्वापोटी कोणत्या कामांवर खर्च करावा याच्या यादीत, कला व संस्कृतीचा समावेश असल्याने उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी प्रस्ताव लिहिण्याचे कौशल्य अधिक उपयोगी पडेल. म्हणून शिष्यवृत्ती मिळाल्याशिवाय कर्ज काढून परदेशी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.