घर नातवाच्या नावावर, पण सही कोण करणार?

काकू, नमस्कार, तुमचं पत्र वाचलं. तुम्ही ६७ च्या, नातू १४ चा, ऑटिझम आणि सोबत बौद्धिक अक्षमता, बोलणं अगदी थोडं. विमा एजंट म्हणतोय वर्षाला २ लाख असे १० वर्षं भरा, १५ वर्षांनी नातवाला ३० लाख मिळतील, तर घेऊ का.

नका घेऊ. २० चे ३० व्हायला एवढी वर्षं म्हणजे परतावा जेमतेम ४ टक्के, आणि हप्ते भरायचे तुम्ही ७६ व्या वर्षापर्यंत. नातवाच्या अपंगत्वामुळे तुमचा टॅक्स वाचेल हे तर एजंटनं चक्क खोटं सांगितलंय, अपंग अवलंबिताच्या सवलतीत आजीसाठी नातू बसतच नाही, बाप घेऊ शकतो, तेही जुन्या टॅक्स पद्धतीत. तेच २० लाख एकरकमी हातात असतील तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, सध्या ८.२ टक्के आहे, दर तिमाहीला ४१ हजार हातात येतील, त्यातून त्याची थेरपी चालवा.

पण मला खरी धास्ती वाटली ती तुमच्या शेवटच्या ओळीची, की मृत्युपत्रात घर आणि सगळ्या एफडी थेट नातवाच्या नावावर केल्यात. अहो, तो १८ चा झाला की कायद्यानं सज्ञान, आईबापाचं पालकत्वसुद्धा तिथे संपतं, मग घर भाड्यानं द्यायचं असो नाहीतर एफडी मोडायची असो, सही त्याचीच मागणार आणि ती तो करू शकणार नाही. त्यासाठी ऑटिझम, बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो, मुलगा-सुनेनं ते १८ पूर्ण होताच करावं. मृत्युपत्र मात्र आत्ताच बदला. वकिलाकडून त्यात ट्रस्टची तरतूद करून घ्या, म्हणजे घर आणि एफडी विश्वस्त सांभाळतील, लाभ नातवाला, विश्वस्त दोघं, त्यातला एक तुमच्या मुलापेक्षा बराच लहान हवा, कारण नातवाला आईबापाच्याही मागे जगायचंय. आणि नॅशनल ट्रस्टचीच निरामय विमा योजना घेतली नसेल तर घ्या, १ लाखापर्यंत कव्हर आहे, थेरपीही त्यात येते.

अजून एक. रात्रीची गोळी तो फक्त तुमच्याच हातून घेतो, तीही आधी पंखा बंद केला तरच, असं तुम्ही सहज लिहून गेलात. सुनेची नोकरी तुमच्या जिवावर चाललीये आणि तुमच्या स्वतःच्या मेडिक्लेमचा पत्रात उल्लेखच नाही! तो आधी बघा. गोळी, पंखा, तो कशाला घाबरतो, सगळं वहीत लिहून ठेवा आणि या रविवारपासून गोळी मुलाला द्यायला लावा, तुम्ही नुसतं शेजारी बसा.

एजंटला चेक दिला असेलच तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, कंपनीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.