लोंबत्या फांद्यांचा आल्डर: आपल्याकडे लावावा का?

प्रश्न: महाबळेश्वर तालुक्यात स्ट्रॉबेरीच्या शेतालगत आमचे छोटे कृषी पर्यटन केंद्र आहे. नेदरलँड्सला गेलो असताना तिथल्या तळ्याकाठी फांद्या थेट जमिनीपर्यंत लोंबणारे आल्डरचे झाड पाहिले. त्याचे बी ऑनलाइन मिळते आहे. शेततळ्याजवळ लावले तर येईल का?

उत्तर: आधी बियाण्याची खरेदी थांबवा. आपण पाहिलेले झाड बहुधा करड्या आल्डरचा ‘पेन्ड्युला’ हा शोभिवंत प्रकार असावा. त्याचे शास्त्रीय नाव अल्नस इन्काना. फांद्या लोंबण्याचा गुण बियाण्यातून खात्रीने उतरत नाही. आपला हापूस कोयीपासून जसाच्या तसा मिळत नाही, तसेच हे आहे. तिकडचे रोपवाटिकावाले साध्या करड्या आल्डरच्या खुंटावर त्याचे कलम बांधतात. बी अस्सल निघाले तरी उगवेल ते सरळ वाढणारे साधे झाड.

ते कलम भुईच्या जवळ बांधले असेल तर मुख्य शेंड्याला काठी देऊन हव्या त्या उंचीपर्यंत न्यावे लागते. नाहीतर झाड उभे राहायचे सोडून जमिनीवरच पसरते. पुढे ते २० ते ३० फुटांपर्यंत जाते आणि जवळजवळ तेवढेच रुंद होते. साल गुळगुळीत, करडी. पान टोकदार, दातेरी काठाचे आणि खालून राखाडी. थंडी सरता सरता, पाने फुटण्याआधी, नरफुलांचे लांब तुरे लोंबतात. मादीफुलांची पुढे छोटी लाकडी बोंडे होतात आणि ती पानगळीनंतरही झाडावर राहतात. शरद ऋतूत पाने पिवळी-तांबडी होण्याची आशा धरू नका. बरीचशी हिरवीच गळतात.

शेतकऱ्याला खरे कौतुक वाटावे ते त्याच्या मुळांचे. फ्रँकिया नावाचे जिवाणू मुळांवर गाठी करून हवेतला नत्र स्थिर करतात, त्यामुळे हलक्या, नापीक जमिनीतही झाड तग धरते. कोकण किनाऱ्यावरच्या सुरूच्या मुळांवरही फ्रँकियाच्याच गाठी असतात. म्हणजे हा गुण आपल्या दारातही आहे!

आता मुख्य अडचण. करडा आल्डर उणे ३० अंशांतही टिकतो, कारण तो थंड प्रदेशाचाच आहे. त्याला लांब, कडक हिवाळा आणि बारमाही ओल लागते. महाबळेश्वरला पावसाळ्यात पाणी उदंड, पण नंतरचे महिने जवळपास कोरडे जातात. शेततळ्याच्या पाण्याने ओल देता येईल, हिवाळा कुठून आणणार? माझे स्पष्ट मत, यात पैसे घालू नका. परदेशातून येताना काडी किंवा रोप पिशवीत घालून आणणे तर अजिबात नको. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. युरोपात आल्डरची मुळे आणि बुंधा कुजवणारा फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा रोगजंतू आहे, तो मातीतून आणि पाण्यातून पसरतो.

हिमालयातला आल्डर, म्हणजे उत्तिस, सिक्कीममध्ये मोठ्या वेलदोड्याला सावली देतो. तोही डोंगरी गारव्याचाच, आणि लोंबता नव्हे.

तळ्याकाठी लोंबतेच झाड हवे असेल तर लोंबता बॉटलब्रश लावा. मुळात तो ऑस्ट्रेलियातल्या ओढ्याकाठचा, पण आपल्याकडे रुळलेला आहे. लाल फुलांवर मधमाश्या आणि शिंजीर येतात. देशी हवे तर वाळुंज. फांद्या तितक्या लोंबत नाहीत, पण ओढ्याकाठी तो शोभतो आणि काठ धरून ठेवतो. पावसाच्या तोंडावर फांदीची काडी लावली तरी फुटतो. मी असतो तर वाळुंजच लावला असता.

प्रश्न: मुलगी कॅनडात असते. तिने अंगणात हाच आल्डर लावला आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर: तिकडे हे झाड फारसे लाड मागत नाही. ऊन भरपूर हवे. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात माती सुकू देऊ नये, बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून आच्छादन करावे. नत्रखत नको. कलमाच्या जोडाखालून किंवा मुळांतून आलेले फुटवे दिसताच काढावेत. ते सरळ वाढतात आणि कलमाला दाबतात. छाटणी पानगळीनंतर करावी, वसंताच्या तोंडावर केल्यास जखमेतून रस गळत राहतो. घरात कुणाला परागकणांची ॲलर्जी असेल तर झाड खिडकीपासून लांब बरे, तुरे फुलले की त्याचे पराग वाऱ्यावर उडतात.