तेच उड्डाण, तेच आभाळ

पडद्यामागे : वाचकांचे प्रश्न

कमी खर्चात उरकलेल्या सुपरहीरोपटांच्या पुढच्या भागांबद्दल आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न. निम्मी पत्रं एकट्या ‘सुपरमॅन ४’वर आहेत, त्यामुळे जागाही त्यालाच जास्त गेली आहे.

‘सुपरमॅन’ (१९७८) आणि ‘सुपरमॅन ४ : द क्वेस्ट फॉर पीस’ (१९८७) लागोपाठ पाहिले. नायक ख्रिस्तोफर रीव्हच, खलनायक लेक्स ल्यूथर जीन हॅकमनच, धूनही तीच. मग चौथा भाग जत्रेतल्या नाटकासारखा का दिसतो?
— एक वाचक, सांगली

जत्रेतल्या नाटकाचे पडदे निदान ताणलेले तरी असतात. ‘सुपरमॅन ४’मधल्या चंद्रावरच्या मारामारीत मागच्या काळ्या आकाशाला चक्क चुण्या दिसतात.

कारण हिशेबात आहे. पहिले तीन भाग काढणाऱ्या साल्काइंड पितापुत्रांचा ‘सुपरगर्ल’ १९८४ साली पडला आणि त्यांनी हक्क कॅनन फिल्म्सला विकले. कॅनन म्हणजे मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस हे इस्रायली चुलतभाऊ. एका वेळी ढीगभर चित्रपट हातात घ्यायचे आणि प्रत्येक स्वस्तात काढायचा, हा त्यांचा धंदा. चौथ्या भागासाठी सुमारे ३.६ कोटी डॉलर ठरले होते, ते चित्रीकरणाच्या तोंडावर सुमारे १.७ कोटींवर आले.

खर्च निम्मा झाला, पटकथा मात्र होती तेवढीच राहिली. संयुक्त राष्ट्रांची सभा, चीनची भिंत, ज्वालामुखी, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, अंतराळयान, चंद्र, सगळं तसंच. ताटभर पोळीचा गोळा परातभर लाटायला घेतला तर ती मधे फाटणारच. यातले तीन प्रसंग काढून उरलेल्यांना तेच पैसे दिले असते तर चित्रपट लहान झाला असता, पण दरिद्री दिसला नसता.

न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीऐवजी लंडनच्या वायव्येला असलेल्या मिल्टन कीन्स या नव्या वसवलेल्या शहरात चित्रीकरण झालं. तिथल्या रेल्वे स्टेशनची काचेची दर्शनी बाजू हीच संयुक्त राष्ट्रं! रीव्हने आत्मचरित्रात याची खंत लिहून ठेवली आहे : पाऊस, शंभरेक माणसांची गर्दी आणि रस्त्यावर एकही गाडी नाही. पाहणाऱ्याला हे लगेच खटकतं, कारण न्यूयॉर्कचा रस्ता उभा असतो. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मधे गाड्यांची रांग, खाली सावली आणि वर उन्हाची पट्टी. मिल्टन कीन्स आडवं, मोकळं आणि स्वच्छ. उजेडही वेगळा, कारण न्यूयॉर्क साधारण ४१ अंश अक्षांशावर आहे आणि मिल्टन कीन्स ५२वर. चार पिवळ्या टॅक्सी उभ्या करून हा फरक झाकत नाही.

यावर कडी झाली संकलनात. सुमारे १३४ मिनिटांचा कट तयार होता, त्यातली पाऊण तासाच्या आसपास कापून ९० मिनिटांचा चित्रपट बाहेर आला. एक अख्खा खलनायक, म्हणजे पहिला ‘न्यूक्लियर मॅन’, कात्रीखाली गेला. ज्या चित्रपटाकडे पैसे नव्हते त्याने एक तृतीयांश काम करून फेकून दिलं. आमच्या मते खरी उधळपट्टी हीच. लांबी कागदावर मोजायला काहीच लागत नाही : पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट.

त्याच चित्रपटात कॅमेऱ्याकडे मूठ पुढे करून येणारा सुपरमॅन वारंवार दिसतो. शॉट एकच आहे का? आणि त्याच्या अंगाभोवती कडा का दिसते?
— एक वाचक, डोंबिवली

हो, एकच. मागचं दृश्य बदलत राहतं, माणूस तोच. तो ओळखू येतो केपमुळे. चेहरा तसाही स्थिर असतो, पण कापडाची घडी दोनदा सारखी पडत नाही. तीच लाट, तोच कोपरा त्याच क्षणी वळलेला दिसला की डोळा चोरी पकडतो.

कडेचं कारण समजायला १९७८चं तंत्र आधी पाहू. झोरान पेरिसिक यांनी नटामागच्या पडद्यावर आभाळ टाकणारा प्रोजेक्टर आणि कॅमेरा दोघांनाही झूम भिंग लावून ती एकमेकांशी जोडली. दोन्ही झूम एकदम सरकतात, त्यामुळे मागचं आभाळ तेवढंच राहतं आणि जागेवर टांगलेला नट मात्र जवळ येतोसा वाटतो. मुख्य फायदा असा की माणूस आणि आभाळ एकाच फिल्मवर एकाच वेळी उमटतात. जोडकाम नाही, म्हणून कडा नाही. त्या चित्रपटाच्या दृश्यपरिणामांना खास ऑस्कर मिळालं ते उगीच नाही.

दुसरी रीत निळ्या पडद्याची. माणूस निळ्यापुढे टिपायचा, त्याच्या आकाराचे दोन मुखवटे काढायचे (एक माणूस झाकणारा, एक पार्श्वभूमी झाकणारा) आणि ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरचं चित्र दुसरीवर उतरवणाऱ्या यंत्रावर, सगळं पुन्हा एका फिल्मवर उतरवायचं. प्रत्येक उताऱ्यागणिक चित्रातला दाणा जाड होतो आणि काळंपांढरं जास्त कडक होतं. फिल्म धुताना किंचित आकसते आणि मुखवटा केसभर सरकतो. तोच केसभर फरक मोठ्या पडद्यावर काळी किंवा निळी रेघ होऊन बसतो. उपाय एकच : पुन्हा करा, जुळेपर्यंत करा. ‘पुन्हा’ला वेळ लागतो, वेळेला पैसा, आणि तो नव्हता.

सुपरमॅनचा पोशाखच निळा, ही आणखी एक अडचण. पोशाख आणि पडदा एकाच निळ्याचे असतील तर छातीतून आभाळ दिसेल. म्हणून १९७८ साली अशा शॉटसाठी हिरवट झाक असलेल्या निळ्याचा वेगळा पोशाख होता. त्याचा रंग नंतर सुधारून घ्यायचे, पण काही ठिकाणी तो मोरपंखी दिसतोच. पुढच्या वेळी नीट बघा.

शॉट परत वापरायची वेळ आलीच तर दीड सेकंदाच्या वर ठेवू नका, चौकट बदला (आधी पूर्ण माणूस, नंतर छातीपासून वर) आणि दोन्हींच्या मधे निदान पाच-सहा मिनिटं जाऊ द्या. आरशासारखा उलटा करायचा मोह होतो. पण छातीवर अक्षर असेल तर तेही उलटं होतं, आणि केसांचा भांगही.

चौथ्या भागात न्यूक्लियर मॅन लेसी वॉरफिल्डला अंतराळात घेऊन जातो. ती श्वास कशी घेते?
— एक वाचक, लातूर

घेते, झालं. पटकथेत याचं उत्तर नाही. हा दोष गरिबीच्या खात्यावर टाकू नका : खलनायकाभोवती हवेचं कवच असतं, हे आधीच्या एखाद्या प्रसंगात एका वाक्यात सांगता आलं असतं. वाक्याला पैसे पडत नाहीत.

स्वस्तातले पुढचे भाग वाईटच असतात का? काही अपवाद?
— एक वाचक, बेळगाव

वाईट होण्याचे प्रकार निरनिराळे. ‘द टॉक्सिक अव्हेंजर’च्या (१९८४) दुसऱ्या भागाचं चित्रीकरण ट्रोमा कंपनीने इतकं करून ठेवलं की त्यातून दोन चित्रपट निघाले आणि १९८९ साली दुसरा व तिसरा दोन्ही आले. तिसऱ्यात पाणी घातलेलं कळतं. त्याच वर्षी ‘द रिटर्न ऑफ स्वॅम्प थिंग’ने सरळ विनोदाचा रस्ता धरला. ते जास्त प्रामाणिक.

‘डार्कमॅन’ (१९९०) नंतरचे दोन भाग थेट व्हिडिओ कॅसेटवर आले. लिआम नीसनच्या जागी आर्नॉल्ड व्होस्लू आला, आणि ते कथेला चाललं, कारण नायकाचा चेहरा जळलेला आणि पट्ट्यांत गुंडाळलेला. नट बदलणारच असेल तर मुखवट्याचा नायक निवडावा, हा त्यातला धडा. दुसऱ्या भागाची फसगत वेगळी : खलनायक ड्यूरंट पहिल्या भागात हेलिकॉप्टरसह जळाला होता, तो परत आणला. तेव्हापासून कोणाच्याही मरण्याला अर्थ उरला नाही.

१९७९ सालच्या दूरचित्रवाणीवरच्या दोन ‘कॅप्टन अमेरिका’ चित्रपटांत नायकाच्या डोक्यावर मोटरसायकलचं हेल्मेट आणि हातात प्लास्टिकची ढाल. दुसऱ्यात ख्रिस्तोफर लीसारखा नट होता, तरी नजर त्या ढालीवरच जाते.

अपवाद हवा तर ‘गायव्हर : डार्क हीरो’ (१९९४) बघा. पहिल्या भागातली पोरकट थट्टा काढून टाकली, कथा बहुतेक जंगलात आणि गुहेत ठेवली, नवी शहरं उभी करायच्या भानगडीत पडले नाहीत आणि जोर लावला तो रबरी पोशाख आणि लांबलचक मारामाऱ्यांवर. दिग्दर्शक स्टीव्ह वांग हे स्वतः राक्षसांचे पोशाख घडवणारे कारागीर. हातात जे होतं तेच त्यांनी पडद्यावर आणलं.

आमच्या कॉलेजच्या गटाने बारा मिनिटांचा सुपरहीरो लघुपट केला. आता दुसरा भाग करायचा आहे. हाताशी चाळीस हजार रुपये, एक बरा मोबाइल आणि हिरवं कापड. उडण्याचे शॉट कसे घ्यावेत?
— एक वाचक, नाशिक

तुमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावात नासिर शेख यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत शफीक त्यात नायक होता. हिरव्या कापडाने आभाळ आणलं, बैलगाडीची क्रेन केली. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात हे सगळं दिसतं, तो आधी पाहा. पण एक लक्षात ठेवा : ते विडंबन होतं, तिथे उणीव हाच विनोद होता. तुम्हाला गंभीर गोष्ट सांगायची असेल तर ती सवलत मिळणार नाही.

आधी शॉट मोजा. बारा मिनिटांत उड्डाणाचे सहा शॉट पुरेत, पण सहाही वेगळे. त्यांतले दोन हिरव्या कापडाशिवाय होतात. उडी घेताना : नट गुडघे वाकवून चौकटीबाहेर उसळतो, कॅमेरा क्षणभर उशिरा वर वळतो, वर रिकामं आभाळ. उतरताना : चौकटीबाहेरच्या तीन फुटी स्टुलावरून उडी, पायांखाली मूठभर मुलतानी माती पसरलेली. सिनेमात धुरळ्याला हीच वापरतात. स्टूल दुसऱ्याने धरून ठेवावं.

उरलेल्या चारांसाठी नटाला दोरीने छताला टांगू नका. हार्नेस (टांगण्यासाठी अंगाला बांधायचे पट्टे) आणि तो बांधणारा जाणकार या पैशांत बसत नाही, आणि घरगुती दोर जांघेत काचतो किंवा सुटतो. त्याऐवजी दीड फूट लांब, दहा इंच रुंद फळी भक्कम बाकावर घट्ट बसवा, वर उशी, त्यावर हिरवं कापड. नट छातीपासून कमरेपर्यंत फळीवर पालथा. पाय अर्ध्या मिनिटात खाली येतात आणि मग उडणारा माणूस पोहणाऱ्यासारखा दिसतो. म्हणून टेक दहा सेकंदांचे घ्या, किंवा घोट्यांखाली दुसरं हिरवं स्टूल द्या.

मागचं कापड इस्त्री करून चिमट्यांनी ताणा. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी एकसारखे दोन दिवे, नटासाठी तिसरा वेगळा. नट कापडापासून सहा ते आठ फूट पुढे हवा, नाहीतर हिरवी झाक कानांवर आणि केसांवर येते. पोशाखात हिरवा रंग नको. चमकदार सॅटिनही जपून, त्यात कापडाचं प्रतिबिंब पडतं. फळीवरच्या हिरव्याची झाक पोटावर येतेच, ती नंतर काढावी लागेल.

पेडस्टल पंखा समोरून, जरा खालून लावा. पाठीमागून लावला तर केप डोक्यावर येते. केपच्या खालच्या शिवणीत बारीक तार घाला आणि एका कोपऱ्याला मासेमारीची नायलॉन दोरी बांधून ती मदतनिसाच्या हातात द्या. प्रत्येक टेकला त्याने वेगळा झटका द्यायचा. एवढं केलंत तरी ‘सुपरमॅन ४’ची चोरी तुमच्याकडून होणार नाही.

मोबाइलवर फोकस, एक्स्पोजर आणि रंगाचा तोल लॉक करा. चित्रीकरण फोर-केमध्ये करा, पण अंतिम चित्रपट १०८०मध्ये काढा. मोबाइल रंगाची माहिती चित्राच्या मानाने निम्म्या रुंदीत आणि निम्म्या उंचीत साठवतो, म्हणून कडा दातेरी निघतात. फोर-के आकसवलं की ती तूट बरीचशी भरून येते. २५ फ्रेमला शटर १/१०० ठेवा, कडा स्पष्ट मिळते आणि हालचालीची धूसरता नंतर देता येते.

मागचं आभाळ आणि डोंगर आधी टिपा, नटाचे शॉट नंतर. टेकडीवर सूर्य कोणत्या बाजूला होता ते वहीत लिहा आणि नटावरचा दिवा त्याच बाजूने लावा. सगळ्यात जास्त शॉट इथेच फसतात : डोंगरावर ऊन डावीकडून आणि नायकाच्या गालावर उजवीकडून. जोडकामासाठी दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते. नायक लांब असेल तेव्हा त्याच्या काळ्या रंगात थोडी राखाडी मिसळा, कारण लांबच्या वस्तूवर हवेचा पडदा असतोच.

चाळीसपैकी दहा हजार पोशाखाला, त्यातही दोन केप. तीन-चार हजार पुन्हा चित्रीकरणासाठी बाजूला काढून ठेवा आणि कोणाला सांगू नका. पहिला शॉट जोडून झाला की तो घरातल्या टीव्हीला लावून, दिवे घालवून पाहा. मोबाइलच्या पडद्यावर न दिसलेली रेघ तिथे दिसते, आणि तोवर कापड उतरवलेलं नसतं.